पंगत एकच, तुपावाचून!

मैत्रिणींनो, दसरा म्हटला की पानात श्रीखंड-पुरी आणि वरणभातावर तुपाची धार हवीच. पण हल्ली मुंबई-पुण्याहून सणाला आलेली लेक किंवा भाचा सांगतो, ‘मी व्हीगन झालोय.’ म्हणजे दूध, दही, तूप, मधसुद्धा नाही! मग कर्जत-खालापूरच्या आपल्या घरांत प्रश्न पडतो, याला वाढायचं काय? त्याच्यापुरती कोरडी भाजी-पोळी केली, तर घरच्या सणाला तो परकाच. त्यापेक्षा सगळ्यांचंच पान तसं मांडूया की!

आपल्याकडे नारळ आहे ना! सहा माणसांना पाव किलो वाल पुरतात. दोन दिवस आधी भिजत घाला, मोड आणून सोला आणि बिरडं करा. नारळाचं दाट दूध शेवटी घाला, मग फार उकळू नका. सोबत अळूवडी, काकडीच्या कोशिंबिरीत दह्याऐवजी दाण्याचं कूट नि लिंबू. भात ‘कर्जत ३’चा, हा वाण कर्जतच्याच संशोधन केंद्राचा. गोडाला लाल भोपळ्याचे घारगे, तेलात तळलेले, बरोबर गूळ-वेलची घातलेला नारळाचा रस. शेवटी सोलकढी.

मोहन, फोडणी सगळं तेलाचं. विकतची मिठाई आणताना मात्र हिरव्या ठिपक्यावर विसंबू नका. तो शाकाहाराचा, त्यात दूध-तूप चालतं.

सासूबाईंना नैवेद्यावर तूप हवंच असेल, तर ते देवाच्या पानापुरतं वाढा. बाकी पंगत एकच!