मालवणला लग्नाला जाताना

मे महिन्यात आपली बरीच मंडळी मंगल परिणयासाठी कोकणात जातात. त्यांना आम्ही चार गोष्टी सुचवतो. मालवणला रेल्वे नाही. कुडाळ किंवा कणकवलीला उतरून एस.टी. धरावी लागते. सुट्टीत गाड्या तुडुंब भरतात. आरक्षण ६० दिवस आधी खुले होते, तेव्हा तारीख कळताच तयारीला लागावे. एस.टी.त २०२३ पासून महिलांना निम्मे भाडे आहे. ७५ वर्षांवरील वृद्धांना प्रवास मोफत, त्यांचे ओळखपत्र सोबत असावे. आपला विधी थोडक्यात आटोपतो. गाडीला उशीर होईल हे धरूनच निघावे. अनोळखी समुद्रात मुलांना उतरू देऊ नये. वधूपित्याने अनेकदा कर्ज काढून मांडव घातलेला असतो. परतीच्या प्रवासाचा भार त्याच्यावर टाकू नये. आम्ही तोच खरा आहेर मानतो.