चहाचा भाव आणि महामारी

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात चहाचे मळे नाहीत. तेव्हा चहाच्या अर्थशास्त्राशी आपला संबंध काय, असे कोणी विचारील. परंतु मलकापूरपासून सिंदखेडराजापर्यंत ज्या घरची सकाळ चहावाचून उजाडते, असे घर शोधावेच लागेल. आपल्या पेल्यातली पत्ती बहुधा आसामातली, म्हणजे सुमारे दोन हजार किलोमीटरांवरून आलेली असते. 2020 सालच्या महामारीत ह्या पत्तीचे काय झाले, ते पाहिले म्हणजे बाजाराचा एक साधा पण कठोर नियम ध्यानात येतो. जे साठवता येते ते तगते. जे साठवता येत नाही ते बुडते.

25 मार्च 2020 रोजी देशभर टाळेबंदी सुरू झाली. चहाच्या दृष्टीने ह्याहून वाईट मुहूर्त शोधून सापडला नसता. हिवाळ्याच्या विश्रांतीनंतर झुडपांना पहिला कोवळा फुटवा येतो तो ह्याच दिवसांत. दोन पाने आणि एक कळी एवढेच खुडायचे, आणि दर आठवड्या-दहा दिवसांनी पुन्हा खुडायचे, अशी ही शेती आहे. खुडलेले पान त्याच दिवशी कारखान्यात पोचावे लागते. साडेचार किलोंच्या आसपास ओल्या पानांतून एक किलो चहा निघतो. खुडणी थांबली की पान निबर होते. एप्रिलच्या मध्याच्या सुमारास मोजक्या मजुरांनिशी मळे हळूहळू उघडले, तेव्हा वाढलेला पाला छाटून टाकावा लागला आणि नव्या फुटव्याची वाट पाहण्यात आणखी आठवडे गेले. पुढे पावसाळ्यात आसामात अतिवृष्टी झाली.

त्याच एप्रिलात आपल्याकडे काय चालले होते? खरेदी बंद पडल्यामुळे शेतकऱ्यांच्या घरांत कापूस पडून होता. ज्या खामगावला एकोणिसाव्या शतकात कापसासाठी रेल्वेची शाखा आली, त्याच्याच पंचक्रोशीत कापसाला गिऱ्हाईक नव्हते. तरी कापूस चहाच्या पानापेक्षा भाग्यवान. तो घरात दोन महिने थांबू शकतो. पण शेतकरी थांबू शकत नाही! मृग तोंडावर आला की बियाण्याला पैसा हवा. म्हणून लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 5,550 रुपये असतानाही कित्येकांनी त्याहून कमी भावात खाजगी व्यापाऱ्याला माल दिला. म्हणजे वस्तू टिकाऊ असून भागत नाही. ती धरून ठेवण्याची ऐपतही लागते.

आता आकडे पाहू. 2019 मध्ये भारतात सुमारे 139 कोटी किलो चहा झाला होता. 2020 मध्ये तो 126 कोटी किलोंवर आला. घट दहा टक्क्यांच्या आतबाहेर. पण लिलावातला सरासरी भाव किलोला 140 रुपयांच्या आसपास होता, तो 180 रुपयांच्या वर गेला. ह्या भावाने सगळ्या पिकाचे ढोबळ मोल काढले, तर 2019 चे साडेएकोणीस हजार कोटी रुपयांच्या घरात, आणि 2020 चे बावीस हजार कोटींहून अधिक येते. पीक घटले आणि मोल वाढले!

ह्यात जादू काही नाही. चहा महाग झाला म्हणून आपण तो सोडत नाही. फार तर चिमूटभर पत्ती कमी घालतो. अशा वस्तूचा थोडासा तुटवडा भाव पुष्कळ चढवतो. परदेशच्या बाजारात मात्र हे चालत नाही. त्याच वर्षी केनियात चहाचे पीक भरघोस आले, आणि आपला चहा महाग पडल्याने निर्यात सुमारे 25 कोटी किलोंवरून 21 कोटींवर घसरली. घरचे गिऱ्हाईक बांधलेले असते, बाहेरचे मोकळे असते.

मग हा वाढलेला भाव कोणाला मिळाला? ज्याच्या वखारीत आधीचा चहा होता त्याला. टाळेबंदीनंतर ज्यांच्या मळ्यांत पान आले त्यांनाही. देशातला निम्मा चहा पिकवणाऱ्या लहान बागाईतदारांनाही ओल्या पानाचा दर बरा मिळाला, ही समाधानाची गोष्ट. पण खुडणी करणाऱ्या बाईचे काय? आसामच्या ब्रह्मपुत्रा खोऱ्यात दिवसाची रोख मजुरी 167 रुपये होती आणि 2020 साल संपेपर्यंत ती तेवढीच राहिली. 2021 मध्ये ती 205 रुपये झाली. आणि साखळीच्या ह्या टोकाला आपला टपरीवाला. घरोघर चहा उकळत होता, पण बसस्थानक ओस होते, शेगावचे मंदिर बंद होते. त्या दिवसांत न विकलेला पेला नंतर कोणी दुप्पट पिऊन भरून दिला नाही.

पुड्यातला चहा टिकतो. झुडपावरचे पान, मजुराचा दिवस आणि टपरीवरचा पेला टिकत नाहीत. म्हणून संकटात भाव वाढला की, कष्टकऱ्याचे भले झाले असे समजू नये. ज्याचा दिवस वखारीत ठेवता येत नाही, त्याच्या बुडालेल्या दिवसाची भरपाई बाजार आपण होऊन करीत नाही. ती तरतूद समाजाने चांगल्या दिवसांतच करून ठेवावी लागते. कापूस पिकवणाऱ्या आपल्या जिल्ह्याला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नसावी.