लेक तालमीत जायचं म्हणते तेव्हा

मुळशीत जत्रा म्हटली की पालखी आली, छबिना आला आणि दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा फडही आला. रेवड्यांवरच्या आणि नारळावरच्या लहान पोरांच्या कुस्त्यांनी सुरुवात होते. दिवस कलताना मोठ्या इनामाची निकाली कुस्ती लागते आणि फड संपतो. अलीकडे या फडात मुलींच्याही जोड्या लागू लागल्या आहेत, आणि त्या पाहून आपल्या वस्तीतल्या पोरी घरी येऊन म्हणतात, "आई, मला तालमीत घाल."

मग आई आमच्याकडे येते. विहारातली बैठक संपली की हळूच बाजूला घेऊन विचारते, "ताई, पोरगी ऐकत नाही. पण हातपाय मोडला तर? पाळीचं काय? पुढं मूलबाळ व्हायला त्रास नाही ना होणार?" सकाळी हिंजवडीच्या सोसायट्यांमध्ये चार घरची कामं करून आलेली ही बाई असते. तिचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. लेकीचं अंग हीच तिची ठेव असते.

या प्रश्नाचं उत्तर आम्ही एका पहिलवान बाईच्या आयुष्यातून देणार आहोत. त्यांचं नाव हमीदा बानू.

बत्तीस नव्हे, चौऱ्याण्णव सेकंद

हमीदा बानू मूळच्या उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरच्या. कुस्ती शिकायला त्या अलीगढला सलाम पहिलवान या वस्तादांकडे गेल्या. बाईनं आखाड्याच्या मातीला हात लावायचा नाही, असा तो काळ होता. समोर लढायला बायका नव्हत्या, म्हणून त्या पुरुषांशी लढल्या. १९५४ च्या फेब्रुवारीत त्यांनी जाहीर आव्हान दिलं की जो मला हरवेल त्याच्याशी मी लग्न करीन. त्याच वर्षी मे महिन्यात बडोद्याला बाबा पहिलवान त्यांच्यासमोर उभे राहिले. ती कुस्ती १ मिनिट ३४ सेकंदांत संपली. हमीदा बानू जिंकल्या आणि लग्नाचा प्रश्नच मिटला. पुढं मुंबईत त्यांनी वेरा चिस्तिलिन या रशियन पहिलवान बाईलाही एका मिनिटाच्या आत हरवलं.

कुस्ती हाच त्यांचा पोटापाण्याचा धंदा होता. तिकिटं लावून कुस्त्या होत आणि वर्तमानपत्रांत त्यांचं वजन, उंची, खुराक सगळं छापून येई. उंची ५ फूट ३ इंच, वजन १०८ किलो. रोज नऊ तास झोप आणि सहा तास मेहनत. या सगळ्या कुस्त्या खऱ्याच होत्या का, अशी शंका तेव्हाही लोक घेत. पण भर मैदानात हजारो पुरुषांपुढं उभं राहायला जी छाती लागते, तिच्याबद्दल शंका घेता येत नाही.

महाराष्ट्रात मात्र त्यांचं स्वागत हारतुऱ्यांनी झालं नाही. कोल्हापुरात पुरुष पहिलवानाला हरवल्यावर लोकांनी त्यांच्यावर दगड मारले. आपल्या पुण्यात रामचंद्र साळुंके यांच्याशी ठरलेली त्यांची कुस्ती तालीम संघानं हरकत घेतल्यामुळं रद्द करावी लागली. त्यांनी मुंबई राज्याचे तेव्हाचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे दाद मागितली. उत्तर आलं की बाई म्हणून बंदी नाही, आयोजक खोटे पहिलवान उभे करतात अशा तक्रारी आहेत म्हणून बंदी आहे. कारण काहीही असो, मैदान बंद झालं ते बाईचंच. तालमीची पायरी एकेकाळी कोणाला मोकळी होती आणि कोणाला नव्हती, हे आपल्या जुन्या माणसांना वेगळं सांगायला नको.

हाडं कुठं मोडली?

आता त्या आईच्या प्रश्नाकडे येऊ. हातपाय मोडला तर?

हमीदा बानूंचे हातपाय खरोखर मोडले, पण आखाड्यात नाही. त्यांना युरोपात जाऊन लढायचं होतं. वस्ताद सलाम पहिलवान यांना ते मान्य नव्हतं. त्यांना अडवण्यासाठी वस्तादांनी इतकी मारहाण केली की हात मोडला, पायही मोडले, असं त्यांच्या घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी पुढं सांगितलं. कित्येक वर्षं त्यांना काठीशिवाय चालता येत नव्हतं. वस्ताद अलीगढला परत गेले आणि हमीदा बानू कल्याणला राहिल्या. तिथं त्यांनी दूध विकलं, काही जागा भाड्यानं दिल्या. पैसा सरला तेव्हा घरी खाऊ बनवून रस्त्याच्या कडेला विकला. १९८६ साली त्या गेल्या.

हजारो लोकांसमोर पुरुषांना चितपट करणाऱ्या बाईला मोडलं ते चार भिंतींच्या आत, आणि तेही जवळच्या माणसानं. म्हणून आम्ही आईला सांगतो की कुस्तीला भिऊ नका. लेकीचं खाणं, पैसा आणि शरीर कोणाच्या हातात आहे, हे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहा.

खुराक : बदाम नको, भाकरी-उसळ हवी

हमीदा बानूंचा खुराक वर्तमानपत्रांत गाजला होता. रोज साडेपाच लिटरच्या वर दूध, एक कोंबडी, किलोभर मटण, साडेचारशे ग्रॅम बदाम, अर्धा किलो लोणी, सहा अंडी आणि वर दोन थाळ्या बिर्याणी. ते वाचून कोणी म्हणेल की एवढं आम्हाला कुठं परवडणार. परवडायची गरजच नाही. तेव्हा वजन-गट नव्हते, जेवढं अंग मोठं तेवढं बरं असा हिशेब होता. आज मुलगी आपल्याच वजनाच्या मुलीशी लढते.

पन्नास किलो वजनाच्या, रोज मेहनत करणाऱ्या मुलीला दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं लागतात. दोन अंड्यांतून १२ ग्रॅम मिळतात. मूठभर, म्हणजे ५० ग्रॅम हरभऱ्यांतून १० ग्रॅम. चाळीस ग्रॅम शेंगदाण्यांतून १०. तीस ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांतून १५. पेलाभर दुधातून ६. उरलेली डाळ, भात आणि भाकरीतून येतात. आपल्या मावळ-मुळशीच्या बाजूची नाचणी हाडांना कॅल्शियम देते आणि कुळीथ प्रथिनं देतो. सुकट-बोंबील घरात असतील तर उत्तमच. डब्यातली महागडी पावडर कोणी गळ्यात मारू लागलं तर आधी डॉक्टरांना विचारा.

दुसरी गोष्ट रक्ताची. आपल्या राज्यात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं. मुलगी लवकर दमत असेल, जोर-बैठकांत धाप लागत असेल, तर तिला आळशी म्हणण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. बारा वर्षांवरच्या मुलीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे. शाळेत आणि अंगणवाडीत आठवड्याला मिळणारी निळी लोहाची गोळी फेकू नका. जेवणानंतर घ्यावी, सोबत लिंबू किंवा आवळा खावा आणि तासभर चहा टाळावा. जंताची गोळीही वर्षातून दोनदा घ्यावी.

पाळी, वजन आणि दुखापती

कुस्तीनं गर्भाशय सरकतं, मूल होत नाही, ही भीती निराधार आहे. पाळीच्या दिवसांत मुलीला बरं वाटत असेल तर तिनं सराव करावा, पोटात दुखत असेल तर विश्रांती घ्यावी. हे तिचं तिनं ठरवावं, वस्तादानं नाही. मात्र मेहनत भरपूर आणि खाणं अपुरं असं झालं तर पाळी बंद पडू शकते आणि हाडं ठिसूळ होऊ लागतात. सुरू झालेली पाळी सलग तीन महिने आली नाही तर "पहिलवानकीत असं होतंच" असं कोणी म्हटलं तरी ऐकू नका. डॉक्टरांना दाखवा.

वजन उतरवणं हा आजच्या कुस्तीतला मोठा धोका आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट ५० किलो गटाच्या अंतिम फेरीत पोहोचली होती. लढतीच्या सकाळी वजन १०० ग्रॅम जास्त भरलं आणि ती बाद झाली. रात्रभर मेहनत करून, पाणी तोडून, केस कापूनही ते शंभर ग्रॅम उतरले नाहीत. एवढी मोठी पहिलवान आणि सोबत डॉक्टर असूनही हे झालं. मग वस्तीतल्या वाढत्या वयाच्या पोरीला उपाशी ठेवून, पाणी बंद करून, स्वेटर घालून पळवणारा वस्ताद तिचं भलं करत नाही. मुलगी वाढत असेल तर वरच्या गटात खेळू द्या.

दुखापती होतात, हे खरं आहे. गुडघा सुजला तर मालिशवाल्याकडे न नेता हाडांच्या डॉक्टरांकडे न्या. कान मुरगळून सुजला तर दोन-तीन दिवसांत दाखवा, नाहीतर रक्त गोठून कान कायमचा वेडावाकडा होतो. डोक्याला मार बसून चक्कर, उलटी किंवा गोंधळल्यासारखं झालं तर त्या क्षणी कुस्ती थांबवा आणि डॉक्टरांनी सांगेपर्यंत पुन्हा उतरू देऊ नका. मातीत आणि मॅटवर नायटा लवकर पसरतो. सरावानंतर लगेच अंघोळ, स्वतःचा वेगळा टॉवेल आणि धुतलेले कपडे एवढं पाळलं तरी बराच फरक पडतो.

गदा आता तिचीही

महाराष्ट्र केसरीची कुस्ती १९६१ पासून होते. पुरुषांच्या या स्पर्धेत मिळणारी चांदीची गदा मामासाहेब मोहोळ यांच्या स्मरणार्थ दिली जाते, आणि मामासाहेब हे आपल्या मुळशीतल्या मुठा गावचे. मुलींसाठी महाराष्ट्र केसरी सुरू व्हायला मात्र २०२३ साल उजाडावं लागलं. त्या वर्षी मार्चमध्ये सांगलीत सांगलीची प्रतीक्षा बागडी पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली. अंतिम कुस्तीत तिच्यासमोर होती कल्याणची वैष्णवी पाटील. ज्या कल्याणात हमीदा बानू काठी टेकत चालल्या, त्याच कल्याणची पोर मैदानाच्या मधोमध उभी होती, आणि या वेळी कोणी दगड उचलला नाही.

पण सगळंच बदललं, असं समजू नका. त्याच २०२३ च्या जानेवारीत विनेश फोगाट, साक्षी मलिक आणि बजरंग पुनिया दिल्लीत जंतरमंतरवर बसले होते. देशाच्या कुस्ती महासंघाच्या तेव्हाच्या अध्यक्षांवर महिला पहिलवानांनी लैंगिक छळाचे आरोप केले होते. साक्षी ही ऑलिंपिक पदक जिंकणारी देशाची पहिली महिला पहिलवान. तिनं वर्षाच्या शेवटी आपले कुस्तीचे बूट टेबलावर ठेवले आणि कुस्ती सोडली. हमीदा बानूंना एकटीला सोसावं लागलं, या पोरी एकत्र बसून बोलल्या. एवढा फरक मात्र पडला आहे.

म्हणून तालमीत नाव घालण्याआधी आईबापांनी स्वतः जाऊन पाहावं. मुलींसाठी वेगळी कपडे बदलायची जागा आणि संडास आहे का? सरावाच्या वेळी एखादी बाई प्रशिक्षक किंवा दुसऱ्या मुलींच्या आया असतात का? पालकांना कधीही येऊन बसू देतात का? इनामाचा पैसा मुलीच्या नावाच्या खात्यात जाणार का? बाहेरगावच्या स्पर्धेला सोबत कोण जाणार? वस्ताद मारतो का, टाकून बोलतो का? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, मुलगी घरी येऊन काही सांगू लागली तर "तूच काहीतरी केलं असशील" असं न म्हणता ऐकून घेणारं कोणी घरात आहे का? अठरा वर्षांखालच्या मुलीला कोणी त्रास दिला तर १०९८ वर फोन करा. मोठ्या मुलींसाठी आणि बायकांसाठी १८१ आहे. हे दोन्ही आकडे भिंतीवर लिहून ठेवा.

तर ताई, लेक तालमीत जायचं म्हणते ना? जाऊ दे. तिला पोटभर खायला घाल, रक्त तपासून घे आणि महिन्यातून एक-दोनदा तू स्वतः जाऊन कट्ट्यावर बस. हमीदा बानूंच्या मागं असं बसणारं कोणी नव्हतं. तुझ्या लेकीच्या मागं तू आहेस, आणि आपली सगळी वस्ती आहे.