हरणारा राजा

पोलंड हा देश नकाशावर नव्हता, तेव्हा पोलिश मुलांच्या हाती स्ताश आला. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने 1795 मध्ये उरलासुरला देशही वाटून घेतला होता. नोबेलविजेत्या हेन्रिक शेन्क्येविचने 1911 मध्ये ‘वाळवंटात आणि अरण्यात’ ही कादंबरी लिहून पूर्ण केली. तिच्यात 14 वर्षांचा स्ताश आणि 8 वर्षांची नेल यांना सुदानमधल्या महदीच्या बंडाच्या काळात पळवून नेलं जातं. स्ताश सिंह मारतो, त्याच बंदुकीने पळवून नेणाऱ्यांनाही मारतो, तापाने फणफणलेल्या नेलसाठी क्विनाइन मिळवतो. आफ्रिकन माणसांकडे ही कादंबरी वरून बघते, ते खुपतंच. पण देश गमावलेल्या समाजाने आपल्या मुलाकडून काय मागितलं, ते तिच्यात लख्ख दिसतं: मिसरूड फुटण्याआधीच पुरता पुरुष हो!

आणि स्वतंत्र पोलंडमध्ये, 1923 साली, बघा कोण येतो: राजा माचूश पहिला.

त्याचे जन्मदाते लेखक, डॉक्टर यानुश कोर्चाक, वॉर्सात अनाथाश्रम चालवत. तिथे मुलांचं स्वतःचं न्यायालय होतं, आणि त्यात मोठ्यांवरही, खुद्द डॉक्टरांवरही, फिर्याद करता येई. माचूश पोरका होऊन गादीवर बसतो. तो वेश बदलून लढाईवर जातो. इथवर तो स्ताशचा धाकटा भाऊच वाटतो. पुढे मात्र तो मुलांची संसद भरवतो. मुलं कामावर आणि मोठी माणसं शाळेत, असा फर्मानी उलटफेर होतो, राज्याचा बोजवारा उडतो. शेवटी माचूश हरतो, ओसाड बेटावर हद्दपार होतो. मुलांच्या पुस्तकात नायकाला एवढं हरू देण्याचं धाडस मला आजही थक्क करतं. शिवाय त्याची आफ्रिकन मैत्रीण क्लू-क्लू! झाडांवर सरसर चढते, मुलींना कमी लेखणाऱ्या पोरांशी भांडते. (तिच्या देशाचं चित्र मात्र त्या काळच्या पूर्वग्रहांनीच रंगवलेलं आहे.) पुस्तकाच्या आरंभी कोर्चाकनी फोटो छापला तो स्वतःच्या लहानपणचा.

ऑगस्ट 1942 मध्ये नाझींनी कोर्चाकना आश्रमातल्या मुलांसह त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेलं. त्याआधी, 18 जुलैला, वॉर्सा घेट्टोत या मुलांनी एक नाटक केलं होतं: रवींद्रनाथांचं ‘डाकघर’. त्यातला अमल आजारी आहे, त्याला घराबाहेर पडायची बंदी आहे. तो कुणाला वाचवत नाही, कशावर विजय मिळवत नाही. खिडकीशी बसून दहीवाल्याशी, पहारेकऱ्याशी, फुलं वेचणाऱ्या मुलीशी बोलतो, आणि एवढ्यावर अख्खं नाटक त्याचं होतं.