'फूटपाथ परवडत नाही' हा हिशोबच चुकतो

जालन्यात रस्त्यांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं : "फूटपाथबिटपाथ हे पुण्या-मुंबईचे लाड. आपल्याकडे आधी पाणी, कारखाने, मोठे रस्ते. चालणाऱ्यांचं मग बघू." बैठकीत, दुकानात, चहाच्या टपरीवर, कुठेही. शिकलेली, शहराचं भलं चिंतणारी माणसंही हेच बोलतात, आणि हे वाक्य एकदा तपासून पाहावं असं कुणालाच वाटत नाही.

फूटपाथ बांधला नाही तर तेवढे पैसे वाचले, असं यात गृहीत धरलेलं आहे. पैसे वाचत नाहीत. खर्च होतोच, तो महापालिकेच्या अंदाजपत्रकात न दिसता कुणाच्या तरी घरात दिसतो, एवढाच फरक.

समजा, औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमध्ये पाळीला निघालेला एक कंत्राटी कामगार आहे. रिक्षातून उतरला, दुभाजकाच्या फटीतून पलीकडे निघाला आणि मोटारसायकलनं उडवला. नडगीचं हाड मोडलं, रॉड टाकावा लागला. असं हाड नीट भरायला साधारण चार ते सहा महिने जातात. रोज ६०० रुपये आणि महिन्याचे २६ रोज धरले तर महिन्याला १५,६००. चार महिन्यांचे ६२,४०० रुपये बुडाले. हजेरी नाही म्हणजे पगार नाही. ऑपरेशन, औषधं, तपासणीला जायचं रिक्षाभाडं वेगळंच. सुरुवातीचे काही आठवडे त्याला उठवायला-बसवायला बायको घरी थांबली, म्हणजे तिचीही मजुरी गेली. मग बचत गटाचं कर्ज, नाहीतर सावकार. बरा होऊन तो कामावर परतेल, पण भट्टीपुढे आठ तास उभं राहण्याचं काम त्याला पूर्वीसारखं जमेलच असं नाही.

हा कामगार कल्पित आहे, त्याचा हिशोब नाही. जागतिक बँक आणि सेव्हलाइफ फाउंडेशन यांनी २०२१ मध्ये एक अहवाल काढला. महाराष्ट्रासह चार राज्यांतल्या अपघातग्रस्त कुटुंबांची त्यात पाहणी होती. रस्त्यावरच्या अपघातानं गरीब कुटुंबाचं झालेलं नुकसान सात महिन्यांच्या उत्पन्नापेक्षा जास्त निघालं. सधन कुटुंबाचं एका महिन्याच्या उत्पन्नाहूनही कमी. अपघात तोच, फटका कित्येक पटींनी वेगळा. ज्याच्याकडे गाडी नाही, त्याच्याच माथी हा खर्च मारून आपण 'परवडत नाही' म्हणतो आहोत.

देशपातळीवरचा आकडाही पाहा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने करवून घेतलेल्या अभ्यासानुसार २०१८ मध्ये रस्ते अपघातांची सामाजिक-आर्थिक किंमत १,४७,११४ कोटी रुपये होती, सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.७७ टक्के. २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर गेली. त्यातली ३२,८२५ पायी चालणारी. एकूण मृतांपैकी दोनतृतीयांश १८ ते ४५ या वयातले, म्हणजे घर चालवणारे. जागतिक बँकेच्या आधीच्या एका अभ्यासाचा निष्कर्ष असा की, हे मृत्यू आणि जखमींची संख्या निम्म्यावर आणून तिथेच टिकवली, तर २४ वर्षांच्या काळात भारताचं दरडोई उत्पन्न सुमारे १४ टक्क्यांनी वाढू शकतं. सुरक्षित रस्त्याला 'लाड' म्हणणाऱ्यांनी एवढा परतावा देणारी दुसरी योजना दाखवावी.

'जालना सोने का पालना' असं आपण अभिमानानं म्हणतो. ते सोनं कुठून येतं? सळईच्या कारखान्यांतून, बियाण्यांच्या कंपन्यांतून, मोंढ्यातल्या भुसारातून. मोंढ्यात पोती वाहणारा हमाल, पाळी सुटल्यावर घरी निघालेला कामगार, अंबड-भोकरदनहून एसटीनं येऊन स्टँडवरून बाजारात चालत जाणारा शेतकरी, ही सगळी माणसं दिवसाचा काही भाग पायीच असतात. बाजारात काय दिसतं? दुकानाची पायरी पुढे आलेली, तिच्यापुढे नाली, नालीवरचा ढापा फुटलेला, त्यापुढे लावलेल्या मोटारसायकली, आणि त्यांच्याही पुढे, चालत्या वाहनांच्या अंगावर, हातात पिशवी घेतलेली बाई.

व्यापाऱ्यांची भीती वेगळी असते : "गाडी दुकानापुढे लागली नाही तर गिऱ्हाईक तुटेल." ही भीती जगभरची आहे आणि ती मोजूनही झाली आहे. ब्रिस्टल शहरातल्या ग्लॉस्टर रोडवरच्या दुकानदारांना २००६ मध्ये विचारलं, तेव्हा त्यांच्या मते ४१ टक्के गिऱ्हाइकं मोटारीनं येत होती. प्रत्यक्षात २२ टक्केच निघाली. ब्रिस्टल जालना नव्हे, मान्य. पण आपल्या बाजारात मोटारीनं येणाऱ्यांचं प्रमाण तिथल्याहून जास्त असेल, असं कोण छातीठोकपणे सांगेल?

"लोक कसेही रस्ता ओलांडतात, चूक त्यांचीच." वाहन चालवण्याविषयीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार, सिग्नल नसलेल्या झेब्रा पट्ट्यांवर चालणाऱ्याला आधी जाऊ देणं चालकाला बंधनकारक आहे. पट्टेच आखले नसतील तर माणसानं ओलांडायचं कुठून?

"रस्ता रुंद केला की अपघात घटतात." रुंद रस्त्यावर वेग वाढतो, आणि मोटारीची धडक ताशी ५० ऐवजी ६५ किलोमीटरनं बसली तर चालणाऱ्याच्या मृत्यूचा धोका साडेचार पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

"पादचारी पूल बांधला की झालं." गुडघे दुखणारी आजी आणि डोक्यावर ओझं असलेली बाई तो चढत नाही.

"भरपाई मिळतेच की." धडक देऊन पळालेलं वाहन सापडलं नाही तर मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार, एवढीच तरतूद आहे. वरच्या कामगाराची बुडालेली मजुरीही त्यात निघत नाही.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चालण्याजोगा फूटपाथ हा संविधानाच्या कलम २१ खालच्या हक्काचा भाग मानला. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनं तर रस्त्याची रचना ठरलेल्या मानकांप्रमाणे केली नाही आणि त्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला व कंत्राटदाराला एक लाखापर्यंत दंडाची तरतूद केली आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शिकेत फूटपाथची चालण्यासाठी मोकळी रुंदी किमान १.८ मीटर आहे.

जालन्याला २०२३ पासून महापालिका आहे. आपल्या प्रभागात रस्त्याचं काम निघालं की माहितीच्या अधिकारात अंदाजपत्रक आणि नकाशा मागा. फूटपाथ किती मीटरचा आहे आणि झेब्रा पट्टे कुठे आहेत, हे डांबर पडायच्या आधी लेखी विचारा.