जुनी पद्मिनी घेतांना

प्रीमियर पद्मिनी मोटारीचें उत्पादन बंद होऊन वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. तरीही शिलकेंतले पैसे काढून ती घेणारीं हौशी कुटुंबें आहेत, आणि विकणारा त्यांस प्रथम रंगाची चकाकी दाखवितो. आमच्या मतें रंग शेवटीं पाहावा.

आधीं पायाखालचें जाजम उचलावें. पावसाचें पाणी दारांच्या रबरांतून झिरपून त्याखालीं साचतें व पत्रा कुजतो. पुष्कळदां त्यावर ठिगळ लावून डांबर फांसलेलें आम्हीं पाहिलें आहे. बोटानें दाबतांच तें दबतें. या गाडीस निराळी चासी नाहीं, सांगाडा व पत्रा एकजीव. तेव्हां तळ कुजला म्हणजे कणाच मोडला. एंजिनाचें तसें नाहीं; १०८९ घनसेंटिमीटरचें तें साधें यंत्र दुरुस्तीस सोपें आहे.

उन्हाळ्यांत चढावर गाडी एकाएकीं थांबते, त्याचें खापर लोक एंजिनावर फोडतात. वस्तुतः पुष्कळदां पेट्रोलची पंपांतच वाफ होऊन प्रवाह खुंटलेला असतो. पंपावर ओलें फडकें ठेवून थोडा वेळ थांबलें, कीं स्वारी पुन्हां निघते.

ब्रेकची गोष्ट मात्र गंभीर. पेडल मिनिटभर दाबून धरावें. तें हळूहळू खालीं गेलें, तर तेल गळत आहे किंवा मास्टर सिलिंडरांतील रबर झिजलें आहे. तें बदलेपर्यंत मुलाबाळांस घेऊन घाटांत जाऊं नये. विकणारा कितीही गोड बोलो.

नोंदणीपुस्तकांतील चासीचा क्रमांक पत्र्यावरील क्रमांकाशीं अक्षरशः ताडावा. चासी नसली, तरी क्रमांकास नांव तिचेंच आहे.