मशीन कोड लिहितं, मग मुली काय करतात?

लेक पुण्याला गाड्यांच्या कंपनीत लागली की आई कौतुकानं सांगते, ‘सॉफ्टवेअरमध्ये आहे.’ पुढे कुणी विचारलं, ‘म्हणजे नक्की काय करते?’ तर आईची पंचाईत! कारण लेकीनं फोनवर सांगितलेलं असतं, ‘आई, मी कोड फारसा लिहीत नाही गं. पडद्यावर चौकोन जोडते. कोड मशीनच लिहितं.’ मग आईच्या पोटात गोळा. मशीनच लिहितं, तर उद्या हिची नोकरी?

मैत्रिणींनो, हे चौकोन जोडणं काय असतं ते आधी बघू या. गाडीत एबीएस असतं, हे आपण ऐकलेलं असतं. अचानक ब्रेक दाबला की चाकं अडकतात आणि गाडी घसरत जाते. एबीएस काय करतं, तर चाक अडकायला लागलं की ब्रेकचा दाब क्षणभर सैल सोडतं, पुन्हा वाढवतं, एका सेकंदात अनेकदा. हे ठरवते गाडीतली कंट्रोलरची छोटी पेटी, आणि तिला दिलेल्या सूचना म्हणजे कोड.

पूर्वी हा कोड माणसं एकेक ओळ करून लिहायची. आता सिम्युलिंकसारख्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र काढतात. हा चौकोन चाकाचा वेग, तो गाडीचा वेग, हा बाण ब्रेकच्या दाबाकडे. हे चित्र चक्क चालतं! पडद्यावरच रस्ता ओला करा, गाडीत वजन वाढवा, काय होतं ते दिसतं. हेच सिम्युलेशन. मनासारखं जमलं, की त्याच चित्रातून सी भाषेतला कोड आपोआप तयार होतो.

तो आधी एका दणकट कॉम्प्युटरवर चढवून खऱ्या गाडीला जोडतात. म्हणजे शेवटची पेटी बनायच्या आधीच कल्पना रस्त्यावर तपासता येते. नंतर सगळं उलटं. पेटी खरी आणि गाडी खोटी! गाडीच्या चित्राचाही कोड बनवतात आणि तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर इतक्या चपळाईनं चालवतात की पेटीला वाटतं, आपण खऱ्याच गाडीत बसलोय. याला ‘हार्डवेअर इन द लूप’ म्हणतात. आपल्या भाषेत रंगीत तालीमच म्हणा ना. वायर तुटली, सेन्सर मेला, बर्फावर ब्रेक दाबला... खोटी गाडी हजारदा घसरली तरी कुणाला खरचटत नाही.

गाड्याच कशाला, नासाचं ओरायन यान 16 नोव्हेंबर 2022 ला निघून, चंद्राजवळून जाऊन 11 डिसेंबरला समुद्रात उतरलं. त्याच्या दिशादर्शनाचा आणि नियंत्रणाचा बराचसा कोड असाच चित्रांतून तयार झालेला होता.

आता नोकरीचं. ओळी टाइप करण्याचं काम कमी झालं हे खरंच आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. पण चित्रात जे घातलंच नाही, ते कोडमध्ये येणार कुठून?

मार्गारेट हॅमिल्टनची गोष्ट इथे सांगायलाच हवी. अपोलो यानांच्या सॉफ्टवेअरचं काम या बाईंकडे होतं. (त्या काळी तयार प्रोग्रॅम कारखान्यातल्या बायका तांब्याच्या तारांनी अक्षरशः हातानं ओवायच्या!) रात्री, सुट्टीच्या दिवशी हॅमिल्टन लहान मुलीला बरोबर न्यायच्या. एकदा मुलगी अंतराळवीर व्हायचा खेळ खेळत यानाच्या सिम्युलेटरची बटणं दाबत बसली. यान ‘उडत’ असताना तिनं उड्डाणाआधीचा प्रोग्रॅम सुरू केला आणि सगळं कोलमडलं. हॅमिल्टन म्हणाल्या, अशी चूक झाली तर सॉफ्टवेअरनंच अडवायला हवं. नासाचं उत्तर, आमचे अंतराळवीर अशी चूक करणारच नाहीत! डिसेंबर 1968 मध्ये अपोलो 8 चंद्राहून परतताना जिम लव्हेल यांच्याकडून नेमकी तीच चूक झाली. दिशादर्शनाची माहिती पुसली गेली, ती पुन्हा जुळवताना धावपळ उडाली. मग कुठे त्यांचं म्हणणं मान्य झालं.

पुढे 1986 मध्ये हॅमिल्टन यांनी स्वतःची कंपनी काढली. काम कोणतं? यंत्रणेचं नीट वर्णन करा, कोड त्यातून आपोआप निघेल, असं साधन बनवण्याचं! म्हणजे ओळी लिहिणं मशीनवर सोपवायला त्या स्वतःच निघाल्या होत्या. ‘असं झालं तर?’ हे विचारणं मात्र त्यांनी सोडलं नाही. लेकीचा पगार आज याच प्रश्नाचा आहे. कुठली वायर तोडून बघायची, कधी आणि किती वेळा, हे तिलाच ठरवावं लागतं. मशीननं काढलेला कोड वाचून तपासायला सी भाषाही यावीच लागते.

इलेक्ट्रिकल, इन्स्ट्रुमेंटेशन, मेकॅनिकल शाखेच्या मुलीही या कामात येतात, तेव्हा ‘कॉम्प्युटरलाच प्रवेश हवा’ असा हट्ट नको. सराव करायचा तर सायलॅब हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यातल्या एक्सकॉसमध्ये असेच चौकोन जोडून सिम्युलेशन करता येतं, आणि आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात सायलॅबचे धडे घरबसल्या बघता येतात.